पाचाडची गाडी

कोंडाजी उतेकर लेकीला महाडच्या वसतिगृहात सोडून माघारी निघाला, तेव्हा फाटकाशी थांबून त्यानं तिच्याकडून स्टँडचा रस्ता तीनदा वदवून घेतला. फाटकातून बाहेर, उजव्या हाताला, चवदार तळ्याच्या कठड्याकडेनं, मग बाजार, मग मोठा रस्ता. अक्षदानं तिन्ही वेळा न चुकता सांगितलं. कानावर पडलेलं तिच्या डोक्यातून कधी जात नसे. कागदावर आलं की मात्र सगळं बिघडायचं. अक्षरं एकमेकांवर चढायची, एक ओळ दुसरीत उतरायची आणि शेवटाला येईपर्यंत सुरुवात हातातून गेलेली असायची.

"नि गाडी कशी वळखशील?"

"पाटीवर पहिला प. पोलादपूर."

"विचारायचं गो कुणाला तरी. लाजायचं नाय."

"हां."

कोंडाजी दोन पावलं गेला, परत वळला, काही न बोलता तिच्या पिशवीची चेन ओढून नीट केली आणि निघाला. कापडे गावच्या वरच्या वाडीत त्याची चार खाचरं होती. रोपं वीतभर वर आली होती, लावणीला माणूस मिळत नव्हतं आणि दर वर्षी बायकोच्या बरोबरीनं वाकून लावणी करणारी ही पोर तो इथं सोडून चालला होता. वाडीत दोघातिघांनी त्याला येडा म्हटलं होतं.

त्यांचं तरी काय चुकलं? सहावीपर्यंत अक्षदाला शाळेत सगळ्यांनी मठ्ठच धरलं होतं. मग चारुशीला मॅडम आल्या. अशा मुलांना शिकवण्यासाठीच नेमलेल्या बाई, दर गुरुवारी पोलादपुराहून यायच्या. त्यांनी तिला वाचायला न लावता धडा ऐकवला आणि प्रश्न विचारले. अक्षदानं सगळी उत्तरं दिली. मॅडमनी कोंडाजीच्या मागं लागून तिला मुंबईच्या सरकारी दवाखान्यात नेलं, दोन दिवस तपासण्या झाल्या आणि तिला वाचनाचीच अडचण आहे असा दाखला मिळाला. त्या दाखल्यावर बारावीला तिला लेखनिक मिळाली. अक्षदा बोलायची, नववीतली एक मुलगी लिहायची. अठ्ठावन्न टक्के पडले. गावात पेढे वाटले त्याच दिवशी पारावर कुणीतरी म्हणालं, "दुसऱ्याच्या हातानं पास झाली." कोंडाजीनं ऐकलं. पेढ्याचा पुडा तसाच धरून तो घरी आला.

कॉलेजात नाव घालायच्या दिवशी खिडकीशी गर्दी होती. अक्षदा बाहेर उभी राहिली आणि बाबा कागदांची पिशवी घेऊन आत गेला. तो बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "दाखला दिला?"

"दिला," तो म्हणाला.

त्या एका शब्दावर ती महाडात राहिली. कॉलेजात सरांना ठाऊक आहे, असं ती धरून चालली होती.

पण वसतिगृहात पहिल्या सकाळपासूनच जिकडे तिकडे वाचायचं. भिंतीवर सूचनांचे कागद, मेसच्या दारावर वेळापत्रक, मोबाईलच्या ग्रुपवर दिवसाला वीस निरोप. खोलीतली ईरा माणगावच्या मास्तरांची मुलगी, चटपटीत, वाईट नव्हती. पण ती सारखी विचारायची, "अगं, ग्रुपवर टाकलं होतं की! वाचलं नाहीस?" अक्षदा कधी म्हणायची मोबाईल बंद होता, कधी म्हणायची डोळे दुखतात. रोज नवं कारण शोधावं लागे आणि काल कुठलं सांगितलं ते लक्षात ठेवावं लागे. एकदा स्टँडवर तिनं एका माणसाला गाडी विचारली. तिच्या गळ्यातलं ओळखपत्र बघून तो म्हणाला, "पाटी दिसत नाय का? कॉलेजात जातेस ना?" त्यानंतर तिनं कुणाला विचारलं नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात शरद सरांनी तिला वर्गात उभं केलं.

"उतेकर, पान बावीस. दुसरा परिच्छेद वाच."

अक्षदानं सरांकडे बघितलं. त्यांना आठवेल, दाखला दिलाय ते आठवेल आणि ते म्हणतील, बस. सर वाट बघत राहिले. तिनं पुस्तक वर धरलं.

"त... ते... तेव... "

मागं कुणीतरी खुसखुसलं.

"पहिलीचं पुस्तक देऊ का?" सर म्हणाले. "बारावीला अठ्ठावन्न टक्के कुणी काढून दिले तुला?"

वर्ग हसला. अक्षदा उभीच राहिली. सरांना सगळं माहीत आहे आणि माहीत असून ते असं बोलतायत, असं तिला वाटलं. तास संपेपर्यंत बस असं तिला कुणी म्हटलं नाही आणि आपणहून बसायचं तिच्या ध्यानातच आलं नाही.

त्यानंतरच्या बुधवारी संध्याकाळी चारुशीला मॅडमचा फोन आला.

"अक्षदा, परीक्षेचे अर्ज भरून घेतायत. तुझ्या लेखनिकाचं विचारायला मी कॉलेजच्या ऑफिसात फोन केला होता. तुझा दाखला त्यांच्याकडे नाहीच म्हणतात."

"बाबांनी दिलाय, मॅडम."

"नाही गं. मी दोनदा बघायला लावलं. मूळ दाखला मंगळवारपर्यंत दाखवायला हवा, नाहीतर तीन तास तुला एकटीलाच बसावं लागेल."

फोन ठेवून अक्षदा खाटेवर बसून राहिली. बाबा तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता. निदान तिला तरी तसंच वाटत होतं. आता घरी जायचं, बाबाच्या तोंडावर विचारायचं आणि कागद घेऊन मंगळवारच्या आत परत यायचं. यातलं जास्त भीतीचं काय, तेच तिला ठरवता येईना.

गुरुवारी सकाळी भोंगा वाजला. रात्रभर पाऊस एका सुरात कोसळत होता आणि सावित्री नदी वर चढत होती. महाडात भोंग्याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. दुकानदार खालचा माल माळ्यावर चढवायला लागले. वसतिगृहाच्या उज्वलाताई जिन्यात उभ्या राहून ओरडल्या, "ज्यांना घरी जाता येईल त्यांनी आत्ताच्या आत्ता निघा! बाकीच्यांनी गाद्या घेऊन वरच्या मजल्यावर चला."

ईराचे वडील गाडी घेऊन आले. "तुझे बाबा येतायत ना?" ईरानं विचारलं.

"स्टँडवर येतायत," अक्षदा म्हणाली आणि पिशवी डोक्यावर धरून बाहेर पडली.

स्टँडात घोट्याएवढं पाणी होतं. वीज गेलेली, त्यामुळे गाड्या पुकारणारा माणूस गप्प. चारी बाजूंनी माणसं धावत होती. पोरं, बोचकी, छत्र्यांची टोकं. गाडी लागली की पाटी दिसायच्या आधी माणसंच दाराला चिकटायची. अक्षदा एका खांबाला धरून उभी राहिली. तिसऱ्या गाडीच्या काचेमागं, वाफेतून आणि ओघळांतून, तिला प दिसला. त्याच्या पुढच्या काना-मात्रांवरून पाणी वाहत होतं. ती जरा डोळे बारीक करून बघत असताना मागून रेटा आला. "चल गो, चल, नायतर ही पण जाईल!" एक बाई ओरडली. अक्षदा चढली.

गाडीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. कंडक्टर पुढंच अडकला होता. अक्षदानं पास वर धरला, त्यानं लांबूनच मान हलवली. घामाचा, ओल्या कपड्यांचा, डिझेलचा वास. कुणाची तरी पिशवी तिच्या बरगडीत रुतत होती. पण गाडी सुटली तशी ती मनात वाट मोजू लागली. तासाभरात पोलादपूर, तिथून कापडे, मग पायवाट.

बराच वेळ गेला. मोठा रस्ता लागायला हवा होता. लागला नाही. गाडी अरुंद रस्त्यानं वळत होती आणि हाताशी नदी होती. लाल, फुगलेली, काठाची झाडं कमरेपर्यंत बुडालेली. पोलादपूरच्या वाटेला नदी अशी रस्त्याला खेटून नव्हती. अजून थोडं थांबू, येईल, असं तिनं दोन वळणं मनाला सांगितलं. तिसऱ्या वळणाला शेजारच्या बाईला विचारलं, "मावशी, पोलादपूर कवा येल?"

"पोलादपूर?" बाई तिच्याकडे बघत राहिली. "अगो बाय, ही पाचाडची गाडी! आता नातं गाव येल."

आजूबाजूच्या चार माना वळल्या. कुणीतरी घंटी ओढली. कंडक्टर लांबून चिडला, "पाटी बघून चढायला काय होतं तुम्हाला? उतर नात्याला. महाडकडं जाणारी गाडी येईल, ती धर."

नाते गावच्या फाट्यावर अक्षदा उतरली आणि गाडी निघून गेली. महाडकडे जाणारी गाडी आली नाही. अर्ध्या तासानं एक मोटारसायकलवाला महाडच्या बाजूनं परत येताना दिसला. हात हलवून तो ओरडला, "रस्त्यावर पाणी आलंय! कुणी जाऊ नका!" तिनं मोबाईल काढला. पडदा काळा. पाणी आत गेलं होतं.

ती तिथंच उभी राहिली असती. कुठं जायचं ते ठाऊक नसलेलं माणूस उभं राहतं तशी. फाट्याजवळच्या घराच्या ओटीवरून एका म्हातारीनं हाक मारली, "ए पोरी, भिजून मरशील का? वर ये."

तिचं नाव राहीबाई. सत्तरीची, वाकलेली, पण आवाज खणखणीत. मुलगा आणि सून मुंबईला, घरात ती आणि तीन शेळ्या. तिनं अक्षदाला कोरडं लुगडं दिलं, चुलीशी बसवलं आणि विचारलं, "कुणाची गो तू? इथं कशी?"

"पोलादपूरकडची. महाडला कॉलेजात असते. झोप लागली गाडीत," अक्षदा म्हणाली.

"गच्च गाडीत, उभ्यानं?" राहीबाईनं विचारलं आणि चुलीत लाकूड सारलं.

दिवसभर अक्षदानं हाताला काम लावलं. शेळ्यांचा चारा आत आणला, गळक्या कौलांखाली टोप मांडले, मागच्या पडवीत शिरणारं पाणी फावड्यानं चर मारून वळवलं. हे करताना भीती जरा मागं सरायची. थांबली की आईचा चेहरा समोर यायचा. आई आत्ता खाचरात वाकलेली असेल, नाहीतर दारात उभी.

दिवेलागणीला राहीबाई कोनाड्यातून प्लास्टिकचा डबा घेऊन आली. त्यात गोळ्यांच्या सहासात पट्ट्या होत्या.

"बरी आलीस. सुनेनं दोऱ्यानं वेगळ्या बांधल्या होत्या, ते दोरे उंदरानं ओढून काढले सगळे. दोन दिवस मी गोळीच घेतली नाय, डोकं गरगरतंय. ही चिठ्ठी बघ, डाक्टरनी मराठीत लिहून दिलीय. साखरेची कुठली, दाबाची कुठली, एवढं सांग."

अक्षदानं चिठ्ठी हातात घेतली. चार ओळी. दिव्याच्या उजेडात त्या हलायला लागल्या. एक पट्टी लाल होती, बाकीच्या पांढऱ्या. लाल ती दाबाची असेल, तिला वाटलं. रक्तदाब, म्हणून लाल. पट्टी तिनं उचललीसुद्धा. राहीबाईनं तळवा पुढं केला. त्या तळव्याला भेगा होत्या.

उद्या सकाळी ही उठलीच नाही तर?

अक्षदाचा हात तिथंच राहिला. "आजी," ती म्हणाली, "मला वाचता येत नाय."

"काय?"

"वाचता येत नाय मला."

"कालेजात जातेस म्हणालीस ना?"

"जाते. ऐकून कळतं. कागदावरचं कळत नाय. लहानपणापासनं." तिनं पट्टी खाली ठेवली. "गाडीत झोप नव्हती लागली."

राहीबाईनं तळवा मागं घेतला, पट्ट्या परत डब्यात टाकल्या आणि तिच्याकडे बघत राहिली. त्या नजरेत कीव नव्हती, राग होता. "आणि मघा ही लाल देत होतीस ती कशी?"

"रंग बघून," अक्षदा म्हणाली.

"मी गिळली असती गो! आधी सांगायचं ना!" म्हातारी उठली. "चल. इरलं घे. पल्याडच्या घरात पोरगी आलीय माहेरपणाला, ती वाचेल."

दोघी पावसात बाहेर पडल्या. त्या मुलीनं चिठ्ठी वाचून दाखवली. लाल पट्टी साखरेची होती. अक्षदानं एकदा ऐकलं आणि मग सगळ्या गोळ्या, वेळा, जेवणाआधी की नंतर, धडाधड म्हणून दाखवलं. घरी येऊन पट्ट्यांना वेगवेगळ्या गाठी मारल्या. राहीबाईनं गोळी घेतली, पाणी प्याली आणि म्हणाली, "डोकं तर बरं चालतंय तुझं. मग दडवतेस काय?"

शुक्रवारी दुपारी पल्याडच्या घरातल्या मोबाईलला चार मिनिटं रेंज आली. चारुशीला मॅडमनी बाबाचा नंबर तिच्याकडून चालीत पाठ करून घेतला होता. ती पुटपुटत गेली आणि त्या माहेरवाशिणीनं बटणं दाबली. पलीकडून आई. "नात्याला हाय, आये. बरी हाय," एवढं झालं, आई रडायला लागली आणि रेंज गेली.

शनिवारी सकाळी कोंडाजी आला. रस्त्यावरचं पाणी उतरलं होतं, गुडघाभर चिखल राहिला होता. डोक्याला प्लास्टिकचा कागद गुंडाळलेला, पायात चप्पल नाही, तळपाय पाण्यानं फुगून पांढरेफटक. गुरुवारी संध्याकाळी वसतिगृहात फोन केल्यावर ती निघून गेल्याचं त्याला कळलं होतं. फोन बायकोजवळ ठेवून तो निघाला, मग दरड आडवी आली, ती ओलांडून पोलादपूर, तिथं दुसऱ्याच्या फोनवरून घरी विचारल्यावर लेक नात्याला असल्याचं कळलं, तिथून ट्रकवर महाड आणि महाडापासून पायी. ओटीची पायरी चढून त्यानं लेकीचा दंड धरला, चाचपून बघितला आणि तिथंच खाली बसला.

राहीबाईनं चहा आणला. त्याला कप धरता येईना, अक्षदानं धरला.

"बस झालं कॉलेज," तो शेवटी म्हणाला. "चल घरी. लावणी पडलीय अर्धी. तुझी आय दोन दिस जेवली नाय."

अक्षदाला तेच हवं होतं. चिखलात पाय, हातात रोपांची मूठ, कुणी काही वाचायला सांगत नाही. हो म्हटलं की संपलं. पण ती म्हणाली, "बाबा, माझा दाखला कुठाय?"

कोंडाजीचा हात सदऱ्याच्या आतल्या खिशाकडे गेला.

"कॉलेजात नाय दिलास ना?"

"नाय."

"दिला म्हणालास."

"खिडकीशी दहा जण होती गो. आपल्या कापड्याचा पण एक होता. त्या बाबूनं मोठ्यानं वाचला असता म्हंजे?" त्यानं पायाचा चिखल खरवडला. "मला वाटलं, इथं नवी माणसं. नाय कळलं कुणाला तर बरंच. लग्नाची पोर."

"सरांनी मला वर्गात तासभर उभं केलं," अक्षदा म्हणाली. "सगळी हसली. मला वाटलं सरांना ठाऊक हाय. ठाऊक असून करतात."

कोंडाजीनं सदऱ्याच्या आतल्या खिशातून एक पिशवी काढली. त्यात तिचं आधार कार्ड, फोटो आणि घडी घातलेला दाखला. कोरडा.

"हा कशाला आणलास?"

"पोलिसाला दाखवायला." आता तो रडत होता, तोंड न लपवता. "तू सापडली नसतीस तर सांगावं लागलं असतं ना, पोर कशी हाय. पाटी वाचता येत नाय, कुठं पण जाईल. कागद बघितल्याशिवाय शोधतात होय?"

राहीबाई कोपऱ्यात शेळीला पाला घालत होती. तिनं मान वर केली नाही.

अक्षदानं पिशवी त्याच्या हातातून घेतली. "महाडला जाऊ आधी," ती म्हणाली. "मग घरी."

दुपारी ते कॉलेजात पोचले. तळमजल्यावर छातीएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ उमटली होती. ऑफिसातला गाळ मुलं घमेल्यानं काढत होती, कोपऱ्यातलं पाणी उपसायला डिझेलचा पंप धडधडत होता. बाकांवर ओल्या फायली पसरल्या होत्या. कारकुनानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. त्यानं दाखला हातात घेतला आणि कोंडाजीला ओरडून म्हणाला, "बरं झालं आत्ता आणलात! जूनमध्ये दिला असतात तर याच चिखलात गेला असता!"

कोंडाजीचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्यानं लेकीकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"सगळं इंग्रजीत आहे," कारकून म्हणाला. "काय होतं हिला?"

कोंडाजीनं तोंड उघडलं.

"मला वाचता येत नाही," अक्षदा म्हणाली.

"काय? मोठ्यानं बोल, पंप चालू आहे!"

घमेली घेतलेली मुलं तीन पावलांवर होती. त्यात तिच्या वर्गातली चौघं. तिनं टेबलाची कड धरली आणि ओरडली, "मला वाचता येत नाही! लेखनिक पाहिजे!"

घमेली थांबली. कारकुनानं मान हलवली, एक कोरा कागद शोधला, त्यावर दोन ओळी लिहिल्या आणि पेन पुढं केलं. "अर्जावर सही कर."

सवयीनं कोंडाजीचा हात पेनाकडे गेला. अक्षदानं तो बाजूला केला. तिनं अ काढला. क्ष काढताना ती अडली, गाठ उलटी पडली, खोडून परत काढली. मागं कुणीतरी पंप बंद केला आणि खोलीत एकदम शांतता झाली. कारकून फायली पुसत थांबला होता. शेवटी द झाला, काना झाला.

"मंगळवारी ये, लेखनिकाचं नाव सांगतो," तो म्हणाला.

"आणि वर्गात? सर वाचायला लावतात."

"ते तूच सांग त्यांना. ते बघ तिकडे."

व्हरांड्याच्या टोकाला शरद सर बाह्या सारून बादलीनं पाणी फेकत होते. पाठमोरे.

"मी येऊ?" कोंडाजीनं हळूच विचारलं.

"नको. इथं थांब."

गाळावरून पाय सरकत होते, म्हणून ती भिंतीला हात लावत चालली. मुलं बघत होती. सरांच्या पाठीशी पोचल्यावर तिनं भिंतीवरचा हात काढला.

"सर," ती म्हणाली.